खात्री केली का, म्याडम?

निवृत्त झाल्यापासून दिवाळी अंकांच्या संपादकांचा प्रश्न ठरलेला असतो: तुमच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी बातमी कोणती? मोठ्या बातम्या वार्ताहरांनी आणल्या. त्यांच्याबद्दल त्यांनीच लिहावे. मी शहर डेस्कवर होते. दुसऱ्याने आणलेला मजकूर तपासणे, कापणे, त्याला मथळा देणे आणि टेबलावरचा फोन उचलणे, एवढे डेस्कचे काम. पहिल्या तीन गोष्टींबद्दल वाचकांना सांगण्यासारखे फार नाही. फोनबद्दल आहे.

वर्तमानपत्राला लोक बातमी द्यायला फोन करतात, हा गैरसमज आहे. छत्रपती संभाजीनगरात तरी बहुतेक लोक विचारायला करतात. आमच्या गल्लीला पाणी कधी? उद्या शाळांना सुट्टी आहे का? गुलमंडीतल्या एका कापड दुकानदाराने तर मुलीसाठी आलेले स्थळ कसे आहे, असे विचारले होते. मुलगा आमच्या रविवार पुरवणीकडे कविता पाठवायचा, एवढ्यावरून. आम्हाला कल्पना नाही म्हटल्यावर तो गृहस्थ चिडला. "मग तुम्हाला माहिती तरी काय असतं?" या प्रश्नाचे उत्तर मला नोकरीभर देता आले नाही.

पुढचे समजण्यासाठी धंद्यातल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, खात्री. बातमी एकाकडून कळली की ती दुसऱ्याकडून तपासायची. अपघात असेल तर पोलीस ठाणे आणि रुग्णालय, दोन्हीकडे विचारायचे. दुसरी, पान सोडणे. ठरलेली वेळ झाली की पान छपाईला पाठवावेच लागते. त्याला पान सोडणे म्हणतात. त्या वेळी एखाद्या आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ खटकत असतो, जखमींचा आकडा पक्का नसतो. तरी सोडायचे. चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापायचा. नवीन उपसंपादकाला खात्री करायला शिकवणे सोपे असते. पान सोडायला शिकवताना जीव जातो.

अंबादासरावांचा पहिला फोन एका संध्याकाळी आला. वाळूजच्या कारखान्यांची जनरल शिफ्ट सुटून कामगारांच्या बस शहराकडे निघतात, त्या सुमारास.

"म्याडम, वाळूज रोडला काय झालं काय?"

"नाही. का?"

"नाय, सहज. गाडी यायला उशीर व्हायलाय. लेक हाय त्या गाडीत."

"काही झाल्याची बातमी नाही."

"खात्री केली का?"

आमचे गुन्हे वार्ताहर शेख रोज संध्याकाळी सगळ्या पोलीस ठाण्यांना फोन करायचे. त्यांना विचारले, त्यांनी मान हलवली. केली, असे मी सांगितले. फोन करणाऱ्याने आभार मानले. थोड्या वेळाने तोच आवाज पुन्हा आला. मघाचे ठीक, पण त्यानंतर काही झाले का?

दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशीही. महिन्याभरात डेस्कवर त्यांचे नाव पडले: खात्रीवाले काका. फोन वाजला की शेख मान वर न करता म्हणायचे, "मॅडम, तुमचे काका. सांगा, आज शहरात कोणीच मेलं नाही." माणूस मर्यादशील होता, कधी आवाज चढवला नाही, त्यामुळे झटकूनही टाकता येईना. शिवाय तो आमच्याच तोंडून आमचा धंदा शिकत होता. सुरुवातीला नुसते "नक्की ना?" विचारायचा. नंतर "पोलीस नाय म्हणले ते ठीक हाय, पण दवाखान्यात विचारलं का?" असे विचारू लागला. एखाद्या शिकाऊ वार्ताहराने इतके नेमके विचारले असते तर मी त्याचे कौतुक केले असते.

प्रश्नही रस्त्यापुरते राहिले नाहीत. गॅसच्या टाक्या फुटायल्यात म्हणे, खरं का? कंपन्या माणसं कमी करायल्यात का? डोक्याच्या मागं ठणकतंय, तसली साथ हाय का? लेक घरी पोचल्यावर विषय संपायला हवा होता. विषय संपायचा, काळजी संपायची नाही, ती दुसरा विषय धरायची.

आम्ही सगळ्यांनी त्यांना एकच सल्ला दिला: टेन्शन घेऊ नका. या वाक्याइतके निरुपयोगी वाक्य मराठीत दुसरे नसावे. ताप आलेल्याला आपण 'ताप घेऊ नका' म्हणत नाही. पण हे वाक्य डेस्कने म्हटले, त्यांच्या शेजाऱ्यांनी म्हटले, रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरने म्हटले, आणि प्रत्येक वेळी ते "व्हय, बरोबर हाय तुमचं" म्हणत राहिले.

एके दिवशी ते प्रत्यक्ष कचेरीत आले. उंच, हडकुळे, इस्त्रीचा शर्ट, खांदे कानांकडे ओढलेले. मुकुंदवाडीत राहत होते. नोकरीभर वाळूजच्या कामगारांची बस चालवून नुकतेच निवृत्त झाले होते. एकही अपघात नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले. घराणे मेंढपाळांचे, वडिलांपर्यंत मेंढरे होती, यांच्या पिढीने स्टीअरिंग धरले.

"गाडी माझ्या हातात व्हती तवर काय नव्हतं, म्याडम. म्हंजी व्हतं, पण हात कामात असायचे. आता दुसरा चालवतो आन माझी पोरगी माघं बसती." मग डेस्ककडे पाहून त्यांनी विचारले, "खात्री करता ती हितंच का?"

त्यांच्या मागोमाग मुलगी सरिता आली, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, बापाला न्यायला. वाळूजच्या एका कारखान्यात तयार सुटे भाग तपासून पास-नापास करण्याचे तिचे काम.

"अण्णा, चला. लोकांना कामं असतात." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, यांना रोज उत्तर तुम्हीच देता ना?"

"विचारतात, म्हणून आम्ही सांगतो."

"सांगू नका ना मग! मी पोचले की फोन करते. आधी एकदा करायचे, आता बसमध्ये बसले की करा, वाळूजजवळच्या पंढरपूर फाट्यावर करा, बाबा चौकात करा, मुकुंदवाडीला उतरले की करा. बसमधल्या बाया म्हणतात, तू प्रवासी हायेस का कंडक्टर?"

शेख हसले. ती हसली नाही. कंपनीने तिला पुण्याच्या कारखान्यात वरच्या जागेवर जायला विचारले होते. एकदा तिने नकार दिला होता. पुन्हा विचारणा झाली होती आणि दिवाळीच्या आत उत्तर द्यायचे होते.

"मी नाही म्हणाले तर तिसऱ्यांदा कोणी विचारत नसतं," ती म्हणाली. "आणि हो म्हणाले तर हे काय करतील, ते तुम्ही सांगा."

अंबादासराव खाली बघत म्हणाले, "म्या कुटं नको म्हणतो? जा की. फकस्त रस्ता लई वाईट हाय."

आमच्या आरोग्य पानासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ बाई लिहायच्या. सगळे त्यांना नसीम डॉक्टर म्हणत. त्या आठवड्यात त्या माझ्यावर भडकलेल्या होत्या. सतत चिंता करण्याच्या आजारावर त्यांनी नेटका लेख दिला होता. पुरवणीने त्याला मथळा दिला, 'टेन्शनला करा टाटा!', आणि सोबत डोके धरून बसलेल्या बाईचा तोच फोटो, जो आम्ही अर्धशिशीपासून बजेटपर्यंत सगळ्याला वापरायचो. मी दिलगिरी व्यक्त केली आणि त्याच फोनवर खात्रीवाल्या काकांचे सांगितले.

"झोप?" त्यांनी विचारले.

"लागत नाही म्हणतात. मान, खांदे दुखतात. पोट बिघडतं. घरात चिडचिड."

"किती दिवसांपासून?"

"सहा महिन्यांच्या वर झाले. रोजच."

"आणि तपासण्या सगळ्या नॉर्मल."

"सगळ्या. ईसीजीची पट्टी दोनदा काढली. मला म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आला की जास्त भ्या वाटतं, म्हंजी अजून सापडलं नाय."

डॉक्टर म्हणाल्या, "मॅडम, एक बात सांगा. तुम्ही 'काही झालं नाही' म्हणता, त्याचा असर किती वेळ टिकतो?"

"पुढच्या फोनपर्यंत."

"मग ते उत्तर नाही, डोस आहे. तुम्ही चांगल्या मनाने देता, ते चांगल्या मनाने घेतात, उतरला की पुन्हा मागतात. त्यांना बातमी नको आहे. त्यांना खात्री पाहिजे की काहीच होणार नाही. ती तुमच्याकडे आहे का?"

नव्हती.

या आजाराचे पारिभाषिक नाव 'सामान्यीकृत चिंता विकार' असे आहे. दोन स्तंभांतही नीट न बसणारे हे नाव वाचून कोणी डॉक्टरकडे जाईल, असे मला वाटत नाही. सोप्या भाषेत, काळजी करणारे यंत्र चालू राहते आणि बंद करण्याची कळ सापडत नाही. हा भित्रेपणा नाही, वेडही नाही. त्यावर गोळ्या आहेत, त्या लागू पडायला काही आठवडे लागतात. आणि बोलून करायचे उपचार आहेत, त्यांत माणसाला 'माहीत नाही' हे सहन करायला शिकवतात. यातले दुसरे जास्त अवघड.

अंबादासराव जायला तयार नव्हते. "म्या काय येडा हाय का?" सरिताने त्यांना नेले. नसीम डॉक्टरांनी गोळी दिली आणि संध्याकाळच्या चहानंतर अर्धा तास काळजीसाठी नेमून दिला. दिवसभरात जी काळजी येईल तिला सांगायचे, तुझी वेळ चहानंतर. आठवड्याने ते डॉक्टरांना तक्रार करते झाले, "चहा झाला की नेमकी काळजीच येईना. नुस्तं बसून ऱ्हावं लागतंय." डॉक्टरांना हे शुभचिन्ह वाटले. अंबादासरावांना फसवणूक वाटली.

गोळीचीही काळजी होतीच. आम्हाला फोन आला, "म्याडम, ह्या गोळीवर काय बातमी आलती का?"

सगळ्यांत जास्त वैताग आम्हाला दिलेल्या सूचनेचा झाला. डॉक्टरांनी हे अंबादासरावांच्या समोर, त्यांच्या संमतीने ठरवले होते: त्यांचा फोन आला की एकच सांगायचे, "माहीत नाही." घरच्यांनीही तेच.

शेख उखडले. "मॅडम, जन्मभर खबर ठेवायची आणि माणसाने विचारलं की म्हणायचं माहीत नाही? कोणी ऐकलं तर अंक बंद करतील लोक."

तरी आम्ही पाळले. "वाळूज रोडला काय झालं काय?" "माहीत नाही." मग, "माहीत असून सांगंनात का तुमी?" "तेही माहीत नाही." पहिले काही दिवस फोन वाढले. मग कमी झाले. दिवाळी जवळ येत होती, ते आठवड्यातून एकदाच फोन करू लागले होते, आणि सरिताने कंपनीला हो म्हणायचे जवळजवळ ठरवले होते.

तेव्हाच वाळूज रोडला अपघात झाला. संध्याकाळी कामगारांची एक बस दुभाजकावर चढून कलंडली. शेखना पोलिसांकडून कळले आणि ते हेल्मेट उचलून निघाले. पाठोपाठ फोन वाजला.

"म्याडम, लोकं म्हणायलेत..."

मी म्हणाले, "अंबादासराव, अपघात झालाय. बस कोणती, आत कोण, अजून माहीत नाही."

त्या दिवशी हे उत्तर शब्दशः खरे होते. पलीकडून नेहमीचा दुसरा प्रश्न आला नाही. "बरं," एवढेच ते म्हणाले. सरिताला मी दोनदा फोन केला, लागला नाही. नंतर कळले, ती कारखान्यातच थांबली होती आणि तिचा फोन लॉकरमध्ये होता.

शेख परत आले ते धुळीने माखलेले. मृत कोणी नव्हते, काही जण जखमी. "आणि मॅडम, तिथं कोण असावं? तुमचे काका! मी चौकात कोंडीत अडकलो, हे आडवाटेने माझ्या आधी पोचलेले. मागचं आपत्कालीन दार उघडून माणसं उतरवत होते, एकाला वाहनं वळवायला उभं केलं होतं. मला म्हणाले, ए पेपरवाले, फोटू माघारी काढ, आधी हात लाव. मी मुकाट्याने लावला."

नसीम डॉक्टरांना याचे नवल वाटले नाही. असे लोक प्रत्यक्ष संकटात अनेकदा भक्कम असतात, असे त्या म्हणाल्या. समोर करायला काहीतरी असते.

इथे गोष्ट संपली असती तर पुरवणीने तिला मथळाही चांगला दिला असता. पण दुसऱ्या दिवशी अंबादासराव पेढे घेऊन कचेरीत आले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"बघा. म्या म्हणत व्हतो का नव्हतो?"

"काय?"

"व्हणार म्हणून! सगळे म्हणायचे उगं करतो, उगं करतो. झालं का नाय? गोळ्या बंद केल्या म्या. काळजी खरी निघाल्यावर गोळी कशाला?"

मी कपाळाला हात लावला. इतक्या दिवसांचे आमचे 'नाही' आणि 'माहीत नाही' एका कलंडलेल्या बसने पुसून टाकले होते. सरितासाठी आणलेली नवी बॅग पुन्हा माळ्यावर ठेवायला लावली, हेही त्यांनी आनंदाने सांगितले. मी त्यांना म्हणाले, एकदा खरी निघाली, पण किती वेळा खोटी निघाली? ते म्हणाले, "एकदाच पुरं असतंय, म्याडम." हे वाक्य खोडता येत नाही. हा आजार वादात हरत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

पेढा खाता खाता त्यांनी टेबलावरचा अंक उचलला आणि अपघाताची बातमी वाचली. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हे काय? मुकुंदवाडीकडं जाणारी बस? ती चिकलठाण्याची व्हती. म्या सवता पाटी बघितली."

"असेल. उद्या खुलासा छापू."

"खात्री केली नव्हती?"

"केली होती. पोलीस म्हणाले मुकुंदवाडी. दुसऱ्याकडून कळेना. पान सोडायची वेळ झाली."

"म्हंजी पक्कं माहीत नसताना सोडलं?"

"पुष्कळदा तसंच सोडतो."

त्यांनी अंक खाली ठेवला. "रोज?"

"जवळजवळ."

"आन मंग घरी जाता?"

"जाते."

"जेवता?"

"जेवते."

"झोप लागती?"

"लागते. कधी एखादं नाव डोक्यात राहतं. सकाळी बघू म्हणते."

ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मीच इतके दिवस त्यांना फसवत होते. "आन म्या तुमाला विचारायलो! इतके दिवस!" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमालाच ठावं नसतंय!"

शेख तोंड फिरवून हसू लागले. मी वैतागले होते, त्यामुळे लपवाछपवी केली नाही. "कोणालाच नसतं, अंबादासराव. आम्ही फक्त वेळ झाली की सोडतो."

त्यांनी अंकाची घडी घातली. मग कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "माझा बाप सांजच्याला मेंढरं मोजायचा. बरोबर भरली की निजायचा."

"आणि कमी भरली तर?"

"तर हुडकायचा. बॅटरी घिऊन."

"नाहीच सापडलं तर?"

त्यांनी पेढ्यांच्या डब्याचे झाकण लावले. "तरी निजायचा," ते म्हणाले. "सकाळी बघू म्हणायचा." आणि उरलेले पेढे डब्यासकट विसरून निघून गेले.

यामुळे ते बरे झाले, असे मी लिहिणार नाही. त्या आठवड्यात त्यांचे फोन पुन्हा वाढले आणि आम्ही पुन्हा "माहीत नाही" म्हणत राहिलो. नसीम डॉक्टरांनी सरळ सांगितले, गोळ्या मनाने बंद करायच्या नसतात, त्याचाही त्रास होतो. अंबादासरावांनी त्या पुन्हा सुरू केल्या. उपचार पहिल्यापासून सुरू झाले. वैताग येण्यासारखेच होते सगळे.

निर्णय सरिताने घेतला. दिवाळीच्या आधी ती एकटी कचेरीत आली, पेढ्यांचा रिकामा डबा न्यायला.

"हो म्हणून कळवलं मॅडम."

"अण्णा तयार झाले?"

"नाही. पण मी म्हणत होते, ते बरे झाले की जाईन. ते म्हणत होते, रस्ता नीट झाला की जा. असं तर दोघंही मुकुंदवाडीतच म्हातारे होऊ." ती डबा पिशवीत टाकत म्हणाली, "दिवसातून एक फोन करीन, रात्री जेवल्यावर. डॉक्टरांनी ठरवून दिलंय. त्याच्या आधी आला तर उचलणार नाही. मला जमेल का, माहीत नाही."

ती गेली त्या दिवशी संध्याकाळी डेस्कवर मी आणि शेख होतो. पुण्याची बस सकाळीच सुटली होती. जनरल शिफ्ट सुटायच्या सुमारास फोन वाजला. शेखनी माझ्याकडे पाहिले. आमच्यापाशी पुण्याच्या रस्त्याची खबर होती: दिवसभरात काहीही झालेले नव्हते. मी ते सांगायचे नाही, असे मनाशी म्हणत फोन उचलला.

"म्याडम, अंबादास बोलायलो."

"बोला."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. टीव्ही चालू होता, कोणीतरी भांडी लावत होते. मी थांबले. त्यांनी घसा खाकरला.

"आमच्या गल्लीला पाणी कवा?"

मी क्षणभर गोंधळले. मग समोरचे कागद चाळले. त्या दिवशी महापालिकेने वेळापत्रक दिले नव्हते.

"माहीत नाही, अंबादासराव."

"खरंच माहीत नाय, का डॉक्टरनं सांगितलेलं?"

"खरंच."

"चार दिस झाले नळाला टिपूस नाय. महापालिका फोन उचलंना, तुमाला माहीत नाय. मंग पेपर काढता कशाला?" ते चांगलेच तापले होते, इतर कोणत्याही वाचकासारखे.

"आणखी काही विचारायचं होतं?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"व्हतं," ते म्हणाले. "पण ऱ्हाऊ द्या." आणि पहिल्यांदाच, माझ्या आधी, त्यांनी फोन ठेवला.